धक्का आणि उजेड

माझी सासुरवाडी कुंभकोणमची. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर प्रांतात गेलेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक घर. साडेतीनशे वर्षं कावेरीचं पाणी पिऊन त्यांच्या मराठीला तमिळची लय लागली आहे, पण घरात बोलतात ती मराठीच. गाव या मंडळींना 'रायर' म्हणून ओळखतं. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले, हे इथल्या मराठी घरांत अजून अभिमानाने सांगितलं जातं.

सासरे ८४ वर्षांचे. उभं आयुष्य त्यांनी कॉलेजात भौतिक रसायनशास्त्र शिकवलं. माझी लेक पुण्यात खगोलभौतिकीत पीएच.डी. करते, ताऱ्यांमधल्या वायूच्या मेघांतले रेणू हा तिचा विषय. मे २०२५ मध्ये आम्ही आठवडाभर तिथे होतो आणि आजोबा-नातीत लागोपाठ तीन संध्याकाळी एकाच गोष्टीवरून वाद झाला. मी तिथे ऐकणारा. रात्री खोलीत जाऊन टिपणं काढत होतो, कारण त्या दोघांना जे प्रश्न पडत होते ते इतक्या स्पष्टपणे मी कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते.

वाद असा : आसपास तारा नाही, शून्याखाली अडीचशेहून जास्त अंश सेल्सियस थंडी, असा अंधारा मेघ. त्यातला रेणू स्वस्थ पडून न राहता गिरक्या घेत असतो. त्याला गिरकी घ्यायला लावतं कोण? शेजारच्या रेणूचा धक्का, की कुठून तरी आलेलं प्रारण?

"शेजारी," आजोबा म्हणाले. "यात विचारण्यासारखं काय आहे?"

पहिल्या दिवशी आम्ही बाहेरच्या ओट्यावर, इथल्या भाषेत तिण्णैवर, बसलो होतो. सासूबाईंनी पितळी डबरा-टंबलरमध्ये कॉफी आणून दिली होती. आजोबांनी टंबलर उंच धरून कॉफीची धार डबऱ्यात सोडली.

"हे पितळ बघ. घासून लखलखीत केलेलं. चकचकीत धातू प्रारणाने उष्णता जवळजवळ सोडतच नाही. मग त्याच्या कडेने ही कॉफी निवते कशी? हवेचे रेणू येऊन आपटतात, उष्णता घेतात, निघून जातात. तुझ्या आईएवढ्या मुलांना मी वर्गात मीठ टाकून ज्योत पिवळी करून दाखवली आहे. सोडियमचा अणू ज्योतीतल्या रेणूंचे धक्के खातो, वरच्या पायरीवर जातो, उतरताना पिवळा उजेड सोडतो. उजेड हे फळ आहे गं. झाड आहे ती टक्कर."

"इथे बरोबर आहे, आजोबा. पण या ओट्यावरच्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये रेणू किती?"

"पंचवीसवर अठरा शून्यं."

"आणि एकेक रेणू सेकंदाला काही अब्ज टकरा खातो. माझ्या मेघात, चांगल्या दाट मेघात, तेवढ्याच जागेत रेणू असतात दहा हजार. विरळ मेघात शंभर. दाट मेघातल्या रेणूला एक टक्कर झाली की दुसरीसाठी साधारण महिनाभर थांबावं लागतं. विरळ मेघात काही वर्षं."

आजोबांनी डबरा खाली ठेवला. हा आकडा त्यांना नवा होता असं नाही, पण 'महिनाभर' हा शब्द त्यांना लागला असावा. रसायनशास्त्रात टकरा मोजायच्या त्या सेकंदाच्या अब्जांशात.

मग लेकीने रेणूची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, माझ्यासाठी. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू म्हणजे दोन टोकांना दोन गोळे असलेला डंबेल. तो गरगर फिरू शकतो, पण हव्या त्या वेगाने नाही. क्वांटमच्या नियमाने त्याला ठरावीक पायऱ्याच मिळतात. एक तर स्थिर, नाहीतर पहिली पायरी, नाहीतर दुसरी. मधे काही नाही. पहिली पायरी फार उंच नाही. तापमानाच्या भाषेत सांगायचं तर साडेपाच केल्विन. तिथून खाली उतरताना तो २.६ मिलिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी मृगातल्या मेघातून आलेली हीच लहर पकडली आणि आकाशगंगेतल्या थंड वायूचा नकाशा काढायची वाट मोकळी झाली. मेघात खरा माल हायड्रोजनच्या रेणूंचा असतो, पण तो रेणू दोन्हीकडून सारखा असल्यामुळे थंडीत मुका राहतो. हजारोंच्या घोळक्यात एखादा कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याच्यावरून आपण सगळ्या घोळक्याचा अंदाज बांधतो.

"पण त्याला आधी पायरीवर चढवायला हवं," ती म्हणाली. "कोणी चढवलंच नाही तर तो उतरणार कुठून? मग मेघ असून नसल्यासारखा."

"धक्का," आजोबा म्हणाले.

"किंवा फोटॉन," ती म्हणाली. त्या दिवशीची कॉफी तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही महामहमच्या तळ्यावर गेलो. नाशिकचा सिंहस्थ आणि इथला महामहम यांचं पंचांग एकच : गुरू सिंह राशीत आला की. इथे मागचा महामहम २०१६ च्या फेब्रुवारीत झाला, पुढचा २०२८ मध्ये. तळ्याभोवती सोळा मंडप, चारी बाजूंनी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. साध्या दिवशी इथे माणसं विखरून बसलेली असतात. एक म्हातारी सावलीबरोबर सरकत होती, दोन पोरं खालच्या पायरीवर पाय भिजवत होती.

आजोबांनी काठीने पायऱ्या दाखवल्या. "महामहमच्या दिवशी इथे उभा राहा. तुझं पाऊल तू टाकत नाहीस, गर्दी टाकते. वरच्या पायरीवर किती, खालच्या किती, हे गर्दी ठरवते. कोणी जागा सोडायचा अवकाश, मागचा धक्का देऊन ती भरतो. याला आम्ही समतोल म्हणतो, आणि अशा समतोलालाच तापमान असतं. शंभर माणसं सुटी बसली असतील तर त्यांचं तापमान कसलं काढतेस?"

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ या वाक्यात होतं. कोण चढवतं हा प्रश्न वरवरचा. आजोबांचा खरा आक्षेप असा, की टकराच होत नसतील तिथे 'तापमान' हा शब्द वापरायचा अधिकार आपल्याला नाही.

लेकीने आक्षेप लगेच फेटाळला नाही. "गर्दी केव्हा ठरवते, ते बघू या. पहिल्या पायरीवर गेलेला कार्बन मोनॉक्साइड आपसूक खाली यायला किती वेळ घेतो माहीत आहे? सरासरी पाच महिने. फार निवांत रेणू आहे. त्या पाच महिन्यांत त्याला पुरेसे धक्के बसले तर त्याची पायरी गर्दी ठरवते. घनसेंटिमीटरला दोन-एक हजार रेणू असले की हे जमतं. हायड्रोजन सायनाइडचं उलटं. तो अर्ध्या दिवसात खाली येतो. त्याला वर टिकवायला लाखो रेणूंची दाटी लागते. म्हणून एकाच मेघाचे दोन फोटो काढले, तर कार्बन मोनॉक्साइडच्या फोटोत पसरलेला मेघ दिसतो आणि सायनाइडच्या फोटोत फक्त त्याचा गाभा, जिथे उद्या तारा जन्मणार आहे तो."

"म्हणजे धक्क्यांमुळेच कळतं की दाटी कुठे आहे."

"हो. ते मी कबूल करते."

"आणि तुमची नारायणगावची ती मोठी दुर्बीण? खोडदची?"

"जीएमआरटी. पंचेचाळीस मीटरच्या तीस थाळ्या. ती हायड्रोजनच्या अणूची २१ सेंटिमीटरची लहर ऐकते. तो अणू उत्तेजित झाला की आपसूक खाली यायला एक कोटी दहा लाख वर्षं लागतात."

आजोबा मोठ्याने हसले. "एक कोटी वर्षं! मग तर कितीही विरळ मेघ असू दे, धक्का बसणारच. खोडदची दुर्बीण माझ्या बाजूची आहे!"

"आकाशगंगेतल्या मेघांपुरती, पूर्णपणे तुमच्या बाजूची."

इथवर आजोबांचं पारडं जड होतं. लेकीने मग एक गुंता पुढे केला, तो मला फार आवडला. मेघ दाट असला की कार्बन मोनॉक्साइडने सोडलेला फोटॉन बाहेर निसटत नाही. शेजारचाच दुसरा कार्बन मोनॉक्साइड तो गिळतो आणि स्वतः पायरी चढतो. तो उतरला की तिसरा. उजेड मेघातच अडकून फिरत राहतो. "आता याला काय म्हणाल, आजोबा? शेजाऱ्यानेच चढवलं, पण अंगाला हात न लावता."

आजोबा पुष्कळ वेळ पाण्याकडे बघत राहिले. "हे माझ्या खात्यात नाही, तुझ्याही नाही," ते शेवटी म्हणाले. "पुढे सांग."

पुढे तिने फॉर्माल्डिहाइडची गोष्ट काढली. ती तिच्याच बाजूच्या विरोधात जाणारी आहे हे तिला ठाऊक होतं. फॉर्माल्डिहाइड म्हणजे प्रयोगशाळेत बेडूक टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनमधला रेणू. चपटा, वाय अक्षरासारखा. १९६९ साली तो आकाशात सापडला आणि त्याच वर्षी एक विचित्र गोष्ट दिसली. कोणताही तारा मागे नसलेल्या काळ्या मेघांतसुद्धा तो सहा सेंटिमीटरची लहर शोषत होता. शोषायला मागे काहीतरी उजेड हवा. मागे होतं ते फक्त विश्वाचं पार्श्वभूमी प्रारण, पावणेतीन केल्विनचं. ते शोषायचं तर रेणू त्याहूनही थंड हवा.

"विश्वातल्या सगळ्यांत थंड प्रारणाहून थंड?" आजोबांनी काठी बाजूला ठेवली. "शीतपेटी कुठे आहे?"

"तुमचे धक्के हीच शीतपेटी. या रेणूच्या प्रत्येक पायरीच्या जोडपायऱ्या असतात, एकमेकींना अगदी खेटून. हायड्रोजनचा धक्का बसला की रेणू वर जातो, आणि त्याच्या चपट्या आकारामुळे जोडीतल्या खालच्या पायरीवर जास्त वेळा पडतो. तिथून प्रारण सोडत तळाच्या जोडीतल्या खालच्या पायरीवर येतो. थोड्या वेळाने तळाच्या वरच्या पायरीवर नेहमीपेक्षा कमी रेणू उरतात. टाउन्स आणि च्युंग यांनी हे १९६९ मध्येच सुचवलं होतं. धक्क्यांनी गरम होतं एवढंच आपण शिकतो. इथे धक्क्यांनी थंड झालं. सगळ्या विश्वभर भरलेल्या त्या प्रारणावर या मेघाची सावली पडलेली दिसते."

आजोबा हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या मंडपात बसलेल्या ओळखीच्या गृहस्थांना तमिळमध्ये ते पुन्हा सांगितलं. परत येताना लेकीने मिथेनॉलचं ओझरतं सांगितलं. तो रेणू मेघात नैसर्गिक मेसर होतो, म्हणजे लेसरसारखा, फक्त रेडिओलहरींचा. शास्त्रज्ञांनी त्याचे दोन वर्गच पाडले आहेत : तरुण ताऱ्यातून सुटलेला वायूचा झोत मेघावर आदळतो तिथला, धक्क्यांनी पेटलेला; आणि ताऱ्याजवळच्या ऊबदार धुळीच्या अवरक्त प्रारणाने पेटलेला. एकच रेणू, एकाच ताऱ्याच्या परिसरात, दोन्ही पक्षांचा.

रस्त्यात नागेश्वराचं देऊळ लागलं. चित्तिरै महिन्यात काही दिवस इथे सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात लिंगापर्यंत पोचतात. आजोबा दारातून हात जोडून पुढे निघाले आणि अचानक म्हणाले, "किरण गाभाऱ्यात पोचायचा तर वाटेत काही आडवं यायला नको. हे मला मान्य आहे. तुझा मेघ एवढा रिकामा असेल तर पोचेलही."

तिसरा दिवस २० मे. सकाळीच पुण्याहून बातमी आली, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. लेक दिवसभर गप्प होती. पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केली. तिच्या आवारात लेक शाळेत असल्यापासून शनिवारची व्याख्यानं ऐकायला जायची. आजोबांनी नारळीकरांचं लेखन मराठीतून वाचलं होतं. आकाशाबद्दल मराठीतून इतकं वाचता येतं हे त्यांना उतारवयात कळलं, असं ते नेहमी म्हणतात.

रात्री वीज गेली. आम्ही गच्चीवर गेलो. आग्नेयेला वृश्चिक वर येत होता, त्याच्या डावीकडे भुजंगधारी. लेकीने त्यातला एक मध्यम तेजाचा तारा बोटाने दाखवला, झीटा भुजंगधारी. "याच्या आणि आपल्यामध्ये एक विरळ मेघ आहे. वाद मिटवायचा तर इथे मिटतो."

तिने सांगायला सुरुवात केली. कार्बन आणि नायट्रोजन यांचा साधा जोड, सीएन. या ताऱ्याचा निळा-जांभळा उजेड त्या मेघातून येतो तेव्हा सीएन त्यातला थोडा खातो आणि वर्णपटात बारीक काळ्या रेषा उमटतात. तळाच्या पायरीवरचे रेणू एक रेष काढतात, पहिल्या पायरीवरचे दुसरी. माउंट विल्सनला ॲडम्स यांनी या रेषा टिपल्या. कॅनडात व्हिक्टोरियाच्या वेधशाळेतल्या अँड्र्यू मॅकेलर यांनी दोन रेषांच्या गडदपणाची तुलना करून १९४१ मध्ये सीएनचं तापमान काढलं : २.३ केल्विन.

"मला माहीत आहे," आजोबा म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघायला लागलो.

"हर्झबर्गच्या पुस्तकात आहे. द्विअणू रेणूंच्या वर्णपटांवरचं, १९५० ची आवृत्ती. १९६२ साली एमएस्सीला असताना मी ते पान वाचलं. त्यांनीच तिथे म्हटलं आहे की या आकड्याचा अर्थ फार मर्यादित आहे. मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, वायूचं तापमान नाही ते, सोडून दे. मी सोडून दिलं. पुढे तीस-पस्तीस वर्षं त्या पानावर आलो की मुलांना तेच सांगितलं, सोडून द्या."

"हर्झबर्ग चुकले नव्हते, आजोबा. ते वायूचं तापमान नव्हतंच. त्या मेघातला वायू कितीतरी जास्त गरम आहे, काही दशक केल्विन."

"मग?"

"सीएन पहिल्या पायरीवर एक दिवस जेमतेम टिकतो. त्याला तिथे पुन्हा चढवायला त्या मेघात धक्का मिळायला महिने-वर्षं लागतात. फक्त धक्क्यांवर भागवायचं असतं, तर जवळजवळ सगळे तळाशी बसलेले दिसले असते. पण आजच्या मोजणीप्रमाणे तळाशी शंभर असले तर पहिल्या पायरीवर एक्केचाळीस आहेत. कोणीतरी त्यांना रोज वर चढवतंय. आणि हे याच मेघात नाही. दुसऱ्या ताऱ्यासमोरचा मेघ घ्या, तिसऱ्यासमोरचा घ्या, आकडा तोच. धक्क्यांचं असतं तर दाटीप्रमाणे बदललं असतं."

आजोबांनी बोटांवर हिशेब केला. शिक्षकाची सवय. पहिल्या पायरीच्या तीन जागा, ऊर्जेचा फरक ५.४, भागिले पावणेतीन, जवळजवळ दोन. ई चा उणे दोनावा घात, गुणिले तीन. "शून्य पॉइंट चार," ते हळूच म्हणाले. "चाळीस. बरोबर येतं."

"१९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना न्यू जर्सीत सगळ्या आकाशातून येणारी कुजबुज, म्हणजे ते पार्श्वभूमी प्रारण, सापडली, साडेतीन केल्विनची. सात सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर. पुढच्या वर्षभरात लोकांना सीएनची आठवण झाली. तो रेणू पंचवीस वर्षं तीच कुजबुज २.६ मिलिमीटरवर मोजून बसला होता. वातावरणामुळे त्या लांबीवर जमिनीवरून नेमकं मोजणं कठीण, पण रेणू तर मेघातच बसलेला."

"आणि त्यांना ७८ साली नोबेल मिळालं. 'हिंदू'त मी ती बातमी अक्षर न् अक्षर वाचली होती." आजोबा थांबले. "माझ्या कपाटात ते पान होतं. मला सुचलं नाही."

"कोणालाच सुचलं नाही. गॅमॉव्ह यांना महास्फोटातून उरलेलं प्रारण हवं होतं, त्यांचा अंदाज पाच केल्विनच्या वर. हॉईल यांना महास्फोटच नको होता. १९५६ साली कॅलिफोर्नियात ला होयाला गॅमॉव्ह आपल्या पांढऱ्या कॅडिलॅकमधून हॉईलना फिरवत होते आणि यावरच बोलणं चाललं होतं. हॉईल म्हणाले, मॅकेलरच्या आकड्याप्रमाणे तीन केल्विनच्या वर काही असूच शकत नाही. आकडा हॉईलना पाठ होता! त्यांनी तो 'एवढं नाही' हे सांगायला वापरला. 'एवढं आहे' असा तो वाचायचा राहिला."

हॉईल म्हणजे नारळीकरांचे गुरू. केंब्रिजला नारळीकरांची पीएच.डी. त्यांच्याकडची. गच्चीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग लेकीने पुण्याची गोष्ट सांगितली. महास्फोट खरा असेल तर प्रारण पूर्वी जास्त ऊबदार असायला हवं. अकरा अब्ज वर्षांपूर्वी आजच्या तिप्पटीहून जास्त, सुमारे नऊ केल्विन. हे तपासायचं कसं? पुन्हा मेघच. दूरच्या क्वेसारचा उजेड वाटेतल्या प्राचीन मेघातून येतो, त्यातल्या अणूरेणूंच्या पायऱ्या मोजायच्या. आयुकाचे आर. श्रीआनंद यांनी फ्रेंच सहकारी पेटिजॉं आणि लेदू यांच्याबरोबर चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने असा मेघ बघितला. तो निबंध डिसेंबर २००० मध्ये 'नेचर'मध्ये आला.

"त्याआधी इतरांनी बघितलंच नव्हतं?"

"बघितलं होतं. पण त्यांना फक्त वरची मर्यादा सांगता आली. कारण तुम्ही, आजोबा."

"मी?"

"धक्के. कार्बनचा अणू वरच्या पायरीवर दिसला, तर त्याला प्रारणाने किती चढवलं आणि धक्क्याने किती, हे वेगळं कसं करणार? सगळंच प्रारणाने केलं असं मानलं तर तापमान जास्त येतं. श्रीआनंद यांच्या मेघात सुदैवाने हायड्रोजनचे रेणूही होते आणि आयनित कार्बनही. त्यांच्यावरून वायू किती गरम आणि किती दाट हे कळलं, म्हणजे धक्क्यांचा वाटा काढता आला. तो वजा करून उरलं ते ६ ते १४ केल्विनच्या मध्ये. अपेक्षा होती ९.१."

"म्हणजे माझा हिशेब आधी चोख केल्याशिवाय तुमचं पान हलत नाही."

"नाही हलत."

"चौदा आणि सहा. फार ऐसपैस आहे."

"म्हणून २००८ ची मोजणी. पुन्हा श्रीआनंद आणि सहकारी. दुसरा मेघ, आणि या वेळी त्यात चक्क कार्बन मोनॉक्साइड सापडला. इतक्या दूरच्या तशा मेघात पहिल्यांदाच. त्याच्या गिरक्यांच्या पायऱ्या मोजून तापमान आलं ९.१५, कमी-जास्त ०.७२. महास्फोटाच्या गणिताने यायला हवं होतं ९.३१५."

मला राहवलं नाही. नारळीकर जन्मभर महास्फोटाला आव्हान देत राहिले, आणि हे काम त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेतून बाहेर पडलं. मी लेकीला विचारलं, तिथे कोणाला अवघड नाही झालं का? तिने माझ्याकडे थोडं आश्चर्याने बघितलं. "बाबा, त्यांनी संस्था काढली ती हे करता यावं म्हणूनच ना?" मला यावर काही बोलता आलं नाही. मराठी माणसाने विज्ञानासाठी जे काही उभं केलं त्यात हा मोकळेपणा मी सगळ्यांत वर ठेवतो.

वीज आली. आजोबा खाली गेले आणि बराच वेळ कपाट धुंडाळत राहिले. वर आले ते हर्झबर्गचं पुस्तक घेऊन. कापडी बांधणी सुटलेली, पानं पिवळी. ते पान त्यांनी न शोधता उघडलं. समासात पेन्सिलीची एक उभी रेघ होती, साठ वर्षांपूर्वीची.

"आजचा आकडा सांग. सीएनचा."

"२०११ साली पुष्कळ ताऱ्यांसमोरच्या मेघांची मिळून मोजणी झाली. सरासरी २.७५४ केल्विन."

"आणि प्रारण? उपग्रहाने मोजलेलं?"

"२.७२५."

त्यांनी एकाखाली एक दोन्ही आकडे लिहिले, रेघ मारून वजाबाकी केली. हात थरथरत होता, पण शून्यं नीट गोल आली. "०.०२९ उरले. हे कोणाचे?"

"धक्क्यांचे. मुख्यतः इलेक्ट्रॉनांचे, मेघात थोडे मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यांचा धक्का सीएनला फार लागतो."

"मग इलेक्ट्रॉन किती आहेत तेही यातून निघेल."

"निघतं."

"कसं काढतात ते उद्या दाखव," असं म्हणून त्यांनी त्या ०.०२९ भोवती चौकट काढली.